मे महिन्यातल्या दुपारी पाहिलेला ‘द अदर्स’

भयपट मी सहसा पाहत नाही. रक्त, किंकाळ्या आणि अचानक समोर येणारे विद्रूप चेहरे यांच्यापलीकडे त्यांत फारसे काही नसते, असा माझा समज होता. परवा आत्याकडे २००१ सालचा ‘द अदर्स’ पाहिला आणि हा समज अपुऱ्या पाहण्यातून झाला होता, हे लक्षात आले.

आत्याचे घर ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्यात आहे. मे महिन्यात तिथे सकाळी दहाच्या आत खिडक्या लावून घेतात, वाळ्याचे पडदे भिजवतात आणि भर दुपारी माजघरात एवढा अंधार होतो की ताटातली भाजी नीट दिसत नाही. कोणी दार उघडे टाकले की आत्याचा आवाज येतोच, “दार लोट आधी, लू आत येतेय.” चित्रपटातल्या ग्रेसच्या घरातही पहिले दार बंद केल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही असा नियम आहे, कारण तिच्या दोन्ही मुलांना सूर्यप्रकाश सोसत नाही, त्यामुळे तो नियम आम्हा दोघींना मुळीच विचित्र वाटला नाही.

कथा १९४५ सालची, जर्सी बेटावरची. बेट नुकतेच जर्मनांच्या ताब्यातून सुटले आहे, पण ग्रेसचा नवरा युद्धावरून परतलेला नाही. घरात वीज नाही, बाहेर दाट धुके आहे, आणि दिग्दर्शक आलेहान्द्रो आमेनाबार जवळजवळ संपूर्ण चित्रपट कंदिलाच्या उजेडात उभा करतो. संगीतही त्याचेच आहे, आणि ते कुठे थांबवावे याचे त्याचे भान विलक्षण आहे. कुलूपबंद खोलीतून पियानो ऐकू येतो तेव्हा पडद्यावर भयंकर असे काहीही दिसत नाही, तरी मी सतरंजी घट्ट धरून बसले होते.

मात्र मला खरी भीती वाटली ती ग्रेसची. निकोल किडमनने ही आई अशी साकारली आहे की तिचे मुलांवरचे प्रेम आणि तिची कठोर शिस्त यांच्यामधली रेघ कुठे पुसली जाते ते कळत नाही. मुलीने घरात कोणी परके दिसल्याचे सांगितले की आई आधी तिला खोटे ठरवते, बायबल वाचायची शिक्षा देते, आणि तरीही कुलपे तपासत फिरताना तिचाच हात थरथरतो. मृतांच्या छायाचित्रांचा अल्बम तिच्या हाती लागतो तो प्रसंगही असाच. मृत माणसाला सजवून, बसवून त्याचे छायाचित्र काढण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात खरोखरच होती, आणि ते ठाऊक असल्यामुळे ती पाने अधिकच अंगावर येतात.

शेवट मी सांगणार नाही. तो कळल्यावर पहिल्याच दृश्यातली ग्रेसची किंकाळी पुन्हा ऐकावीशी वाटते, एवढेच सांगते.

मधला भाग, जिथे नवरा धुक्यातून परत येतो, तो मला उगीच लांबवलेला वाटला आणि मी तसे म्हणालेही. आत्याला ते पटले नाही. “अगं, नवरा इतक्या वर्षांनी आलाय, आणि घरी आल्यासारखा वागत नाहीये. ते बघ ना.” दुसऱ्या दिवशी तेवढा भाग मी पुन्हा लावला. तिचे म्हणणे बरोबर होते.