ऑलिंपिया अथेन्सहून एका दिवसात होत नाही

"सकाळी निघा, ऑलिंपिया बघा आणि रात्रीच्या जेवणाला अथेन्सला परत या," असं आम्हाला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतलं कुणीही तिथे बसने गेलेलं नव्हतं. प्राचीन ऑलिंपिक सामने जिथे भरत ते ग्रीसमधलं ऑलिंपिया एका बाजूने सुमारे ३०० किलोमीटर आहे आणि अथेन्सहून थेट रेल्वे नाही. किफिसोस बसस्थानकावरून पिर्गोसची बस धरायची, तिथे उतरून ऑलिंपियाची दुसरी बस. आम्हाला पिर्गोसपर्यंतच पाच तास लागले.

खरा त्रास पिर्गोसलाच झाला. रविवार होता, पुढची शेवटची बस निघून गेली होती. स्टँडवर एकच टॅक्सी उभी होती. २० किलोमीटरच्या आसपासचं अंतर, मीटर बंद, आणि मागितले ६० युरो. ताई म्हणाली, "अंधार पडतोय, बस आता." बसलो. लॉजच्या मालकिणीने रक्कम ऐकली आणि डोक्याला हात लावला. तिच्या मते निम्म्यात काम झालं असतं. रविवार टाळा, पिर्गोसला दुपारी तीनच्या आत पोहोचा. टॅक्सीत मीटर चालू होईपर्यंत दार लावू नका. आणि मुक्काम ऑलिंपिया गावातच करा, यावर चर्चाच नको.

मुक्काम करायचा तो ऊन टाळण्यासाठी. आठला फाटक उघडतं तेव्हा आत शिरा. दहानंतर कटाकोलो बंदरातल्या जहाजांवरचे प्रवासी बस भरभरून येतात आणि स्टेडियममध्ये सावलीचं एक झाड नाही. जुन्या काळीही नव्हतं. ऑलिंपिकचे सामने ऐन उन्हाळ्यात भरत, मातीच्या उतारांवर सुमारे ४५ हजार माणसं मावत, आणि प्यायच्या पाण्याची इतकी मारामार होती की हेरोडीस ॲटिकस या धनाढ्य ग्रीकाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कारंजं बांधून पाणी आणलं, म्हणजे स्पर्धा सुरू होऊन नऊशे वर्षं उलटल्यावर! माश्या हटवणारा म्हणून देवराज झ्यूसला इथे वेगळा नैवेद्य असे. ॲलियन या रोमन काळातल्या लेखकाने एक गोष्ट नोंदवली आहे: खिऑस बेटावरच्या एका मालकाने चिडून गुलामाला धमकी दिली, ती जात्यावर धाडण्याची नव्हे, ऑलिंपियाला नेण्याची. साडेअकराला त्या उतारावर बसून मला हे पुरेपूर पटलं. दोन लिटर पाणी माणशी, टोपी, कोरडे मोजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्टेडियमच्या कमानीकडे जाताना डाव्या हाताला दगडी चौथऱ्यांची एक रांग आहे. सगळे ती ओलांडून पुढे धावतात, आम्हीही धावलो आणि मग परत आलो. हे 'झानेस'चे चौथरे, एकूण १६. इथे झ्यूसचे ब्राँझचे पुतळे होते आणि ते लबाडी करणाऱ्यांच्या दंडातून उभे राहिले होते. पहिले सहा इ.स.पू. ३८८ मधले: थेसलीच्या युपोलोसने मुष्टियुद्धात तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले, देणारा आणि घेणारे, चौघांनाही दंड झाला. इथला विजय पायांच्या वेगाने आणि अंगच्या बळाने मिळवायचा, पैशाने नाही, अशा अर्थाचा मजकूर तिथे कोरलेला होता, असं प्राचीन प्रवासवर्णनकार पॉसानियस सांगतो. पुढे इ.स.पू. ३३२ मध्ये अथेन्सच्या कॅलिपोसने पंचक्रीडेत तेच केलं. अथेन्सने दंड भरायचं नाकारलं. शेवटी डेल्फीच्या देवाने 'दंड भरेपर्यंत कौल देणार नाही' म्हटल्यावर भरला. प्रत्येक धावपटू मैदानात उतरताना या पुतळ्यांसमोरून जात असे. तिथे उभं राहून मला रागच आला, कारण शाळेत आम्हाला ग्रीकांची निर्मळ खिलाडूवृत्तीच शिकवली होती. खरा इतिहास त्याहून कितीतरी मोलाचा आहे.

कमानीतून आत गेलं की १९२.२७ मीटरची धाव. सुरुवातीच्या दगडी पट्टीत पायाची बोटं रोवायच्या दोन खाचा अजून आहेत. इ.स.पू. ७७६ मध्ये पहिला जिंकला म्हणतात तो कोरोइबोस, एलिसचा आचारी. दुसरा-तिसरा क्रमांक नाही. एकालाच रानऑलिव्हची डहाळी. (गावी परतल्यावर मात्र पैसे मिळत, अथेन्समध्ये सोलोनच्या कायद्याने ५०० ड्राख्मा.) विवाहित बायकांना सामने बघायलाही बंदी होती, अपवाद डेमीटर देवीच्या पुजारणीचा. तिचं आसन उत्तरेच्या उतारावर, पंचांच्या ओट्यासमोर. ताई आणि मी, दोघी लग्न झालेल्या, त्या आसनासमोरून पूर्ण लांबी धावलो; ताई तर परतही धावली, म्हणजे तिची दियाउलोस, जाऊन-येऊनची शर्यत, झाली. डोळे भरून आले. तुम्हीही धावा, पण नऊच्या आत.

संग्रहालय त्याच दिवशी बघा. हर्मीसच्या पुतळ्याभोवती गर्दी असते. तुम्ही बिबोनचा दगड शोधा. १४३ किलोंचा दगड त्याने एका हाताने डोक्यावर उचलला, असं त्यावर कोरलं आहे. आम्ही कोल्हापूरच्या, लहानपणी तालमीतली दगडी गोटी पाहिलेल्या. दोघीही त्या दगडापुढून लवकर हललो नाही.

डेल्फीचं स्टेडियम देवळाच्या बऱ्याच वर आहे, गुडघे दुखतील असा चढ, आणि वर दोरी लावलेली. आत पाऊल ठेवता आलं नाही. फक्त खेळांसाठी जाणार असाल तर डेल्फी वगळा, नाहीतर रथ हाकणाऱ्याच्या ब्राँझ पुतळ्यासाठी जा.

तो वेळ नेमेआला द्या, तिथेही असेच प्राचीन सामने भरत. तिथे आम्ही दोघी आणि एक राखणदार, बस. खेळाडू कपडे उतरवत ती खोली, तिथून मैदानात नेणारा ३६ मीटरचा बोगदा, आणि बोगद्याच्या भिंतीवर वाट बघणाऱ्या पोरांनी खरवडलेली नावं. एकाने लिहिलंय, 'ॲक्रोटाटॉस देखणा आहे'. दुसऱ्या हाताने खाली जोडलंय, 'ज्याने लिहिलं त्याला'. विजेत्याला इथे रानसेलरीचा मुकुट. गाडी भाड्याने घ्या. बस आधुनिक नेमेआ गावात सोडते आणि तिथून जुनं स्थळ चार किलोमीटर उन्हात आहे.