बाटलीचे फोटो विसरा: अनाथ वन्य पिल्लांच्या केंद्रातली रात्रपाळी

जाहिरातीत बाटलीला तोंड लावलेलं पाडस दिसतं. प्रत्यक्षात स्वयंसेवकाची पाळी सुरू होते मोरीपाशी: सिरिंजा सुट्ट्या करून धुवा, निर्जंतुक करा, घाण फडकी बदला, प्रत्येक पिल्लाचं वजन घेऊन वहीत लिहा. पाजण्याचं काम यातूनच अधूनमधून वाट्याला येतं. दिवसपाळी बरी असते, तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. नवखा माणूस कोलमडतो तो रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात, आणि त्याची कल्पना आधी कुणी देत नाही.

डोळे न उघडलेल्या खारीच्या पिल्लांना दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. आधी पिल्लू हाताला गार लागतंय का ते बघा. गार असेल तर दूध अजिबात नाही, आधी शेक. थंड शरीरात पचन थांबतं, दूध पोटात पडून आंबतं आणि पोट फुगतं. एका वेळचं दूध वजनाच्या सुमारे 5 टक्के: 40 ग्रॅमच्या पिल्लाला 2 मिली. ते तोंड उघडतंय म्हणून आणखी पाजायचं नाही. गाईचं दूध तर नकोच, त्याने जुलाब लागतात आणि शरीरातलं पाणी कमी होतं. केंद्राने ठरवलेली पावडर वापरा. कालवल्यावर फेस खाली बसू द्या, नाहीतर पोटात हवा जाते. दूध कोमट करायचं ते गरम पाण्याच्या वाटीत सिरिंज ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये ते कुठे चटका देणारं, कुठे गार राहतं.

आता खरी गोम. पिल्लाला उताणं धरून पाजायचं नाही, दूध श्वासनळीत जातं. पोटावर किंवा जवळजवळ उभं धरा, डोकं किंचित वर. सिरिंज 1 मिलीचीच घ्या, कारण मोठीतून येणारी धार आवरत नाही. सारखी धुवून सिरिंजचं रबर अडकायला लागतं. तुम्ही जोर लावता, दट्ट्या एकदम सुटतो आणि अर्धा मिली घशात जातो. म्हणून प्रत्येक सिरिंज आधी पाण्याने चालवून बघा, अडकली तर टाका. काटकसर म्हणून जुन्याच सिरिंजा पुढे सरकवणाऱ्या केंद्रात रात्रपाळी घेऊ नका.

नाकातून दूध आलं तर लगेच सिरिंज काढा, डोकं खाली करा, नाक पुसा, श्वास स्थिरावेपर्यंत थांबा. मग वहीत लिहा आणि प्रमुखाला उठवा. झोपमोड होईल म्हणून गप्प बसणारे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लाच्या श्वासात टकटक ऐकू येते तेव्हा न्यूमोनियाने जोर धरलेला असतो, आणि वहीत काहीच नसल्याने डॉक्टरही चाचपडतात.

पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसाने मागची बाजू हलकेच पुसून शू-शी करवायची. हे काम एरवी आई चाटून करते. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय, तेही लिहा.

पक्ष्यांच्या खोलीत हे सगळं विसरा. दूध नाही, चोचीत पाण्याचे थेंबही नाहीत. श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, घास त्याच्या मागे गेला पाहिजे. छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने चोच वासतात. रात्री मात्र झोपतात, त्यामुळे झोप प्यारी असेल तर हीच खोली मागा.

बोलणं, कुरवाळणं, सेल्फी बंद. माणसाला सोकावलेलं पिल्लू जंगलात सोडता येत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगतो. राहण्या-जेवणाचे पैसे घेणं समजू शकतं. पण दोन दिवसांसाठी येणाऱ्या कुणाच्याही हातात वाघ-सिंहाचे बछडे आणि बाटली देणारी जागा असेल, तर ती कितीही गोड बोलो, जाऊ नका. असे बछडे बहुतेकदा याच धंद्यासाठी आईपासून तोडलेले असतात. पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी किती प्राणी परत सोडले, आणि दूध सुटल्यावर पिल्लं जातात कुठे? उत्तर गोलगोल आलं तर ठिकाण बदला.

सस्तन पिल्लांसोबत काम असेल तर रेबीजची पूर्वलस आधीच घ्या, दोन डोस, पहिल्यानंतर सातव्या दिवशी दुसरा. पुढे चावा बसलाच तर जखम साबणपाण्याने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जाच, पूर्वलस घेतली असली तरी पुढचे डोस लागतात. नखं कापून या, अत्तर लावू नका, आणि घरी कुत्रं-मांजर असेल तर केंद्रातले कपडे वेगळे धुवा.