रोझेटचा लाल रंग कुठे हरवतो?
रोझेट तेजोमेघ म्हणजे अवकाशातला गुलाबाच्या आकाराचा वायूचा मेघ. त्याचा लाल रंग म्हणजे हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश. साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढची काच नेमका तोच बहुतांश अडवते, म्हणून तासन्‌तास फोटो काढूनही मेघ फिकटच राहतो. ती काच बदलून घेतलेला कॅमेरा हवा. आकाशात मेघ साधारण सव्वा अंशाचा दिसतो, त्यामुळे ४०० मिमी फोकल लेंथ पुरते. शहरात ड्युअल बँड फिल्टर (मुख्यतः हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा प्रकाश आत सोडणारा) लावा, ३०० सेकंदांच्या साठेक फ्रेम घ्या. गारवा वाढला की दुर्बिणीची नळी आकसते, तारे फुगतात. फोकस पुन्हा तपासा. फ्लॅट फ्रेम (धुळीचे डाग काढण्यासाठी घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) मात्र कॅमेरा न फिरवता, त्याच फोकसवर. नाहीतर धुळीचे गोल डाग थेट पाकळ्यांवर बसतात आणि स्ट्रेच करताना, म्हणजे फोटोतले अंधुक भाग उजळवताना, आधी तेच उठून दिसतात. मधली निळसर झाक ऑक्सिजनची असते. पार्श्वभूमी साफ करताना ती पुसू नका!