८५ एमएम लेन्सची खरेदी आणि ‘एल’ माउंटचा मनस्ताप

लेन्स कोणती घ्यायची हे ठरवणं सोपं गेलं. हातात आलेली भलतीच लेन्स परत करताना मात्र जीव मेटाकुटीला आला. अमळनेर, चोपडा, पारोळा अशा गावांतून ऑनलाइन लेन्स मागवणाऱ्यांनी हे वाचाच.

माझ्याकडे सोनीचा ए७ फोर कॅमेरा आहे, काम मुख्यतः लग्नांचं. आपल्याकडे हळद रात्री, मंडपात अर्धे हॅलोजन, अर्धे एलईडी. श्रावणात कानबाईच्या रात्री तर देवीपुढे फ्लॅश मारावासाच वाटत नाही. त्यामुळे मोठ्या अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक मोठं असलेली, ८५ एमएम हवी हे पक्कं होतं. (१.४, १.८, २.८ हे अ‍ॅपर्चरचे आकडे; आकडा जितका लहान तितकं भोक मोठं.)

सोनीच्या महागड्या ‘जीएम’ मालिकेतली जुनी १.४ धुळ्याच्या मित्राकडून आणून वापरली. फोटो अप्रतिम, पण वजन ८२० ग्रॅम. बॉडीसकट दीड किलो गळ्यात अडकवून मे महिन्यातली वरात करून बघा! २०२४ ची जीएम टू ६४२ ग्रॅमवर आली आहे, फोकसही सुसाट; किंमत ऐकून मी विषय बंद केला. सोनीचीच १.८ अवघी ३७१ ग्रॅमची, आणि १.४ पेक्षा प्रकाश कमी पडतो तो दोन तृतीयांश स्टॉपच (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). नवीन धंदा सुरू करणाऱ्याने खुशाल हीच घ्यावी. मला मात्र लेन्सवरच अ‍ॅपर्चर बदलायची रिंग हवी होती, ती तिच्यावर नाही. राहिली सिग्माची १.४ डीजी डीएन आर्ट: साधारण ६३० ग्रॅम, रिंग आहे. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये कडेच्या सरळ रेषा आत ओढल्यासारख्या दिसतात, पण सॉफ्टवेअरमध्ये त्या लेन्सचं प्रोफाइल लावलं की सरळ होतात. ‘दुसऱ्या कंपनीच्या लेन्सवर सोनी सेकंदाला १५ फोटोच देतो’ असं घाबरवणारे भेटतील. अहो, ए७ फोर मुळात १० च्या वर जातच नाही! सिग्मा ठरली.

ऑर्डर एका ऑनलाइन विक्रेत्याला दिली. बिलावर स्वच्छ ‘सोनी ई माउंट’ (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसते ती खाच; ती कंपनीगणिक वेगळी). पार्सल आलं, मागचं झाकण काढून लेन्स कॅमेऱ्याला लावायला गेलो तर बसेना. तिचं तोंडच मोठं. बॉक्सचं स्टिकर पाहिलं तर ‘एल माउंट’, म्हणजे लायका, पॅनासॉनिक आणि सिग्माच्या बॉडीसाठीची.

परतीच्या फॉर्ममध्ये कारणं तीनच: तुटली आहे, चालू होत नाही, वेगळी वस्तू आली. तिसरं निवडलं. पिकअपला आलेल्या पोराने मोबाइलवरचा फोटो आणि लेन्स कितीतरी वेळ ताडून पाहिली. “फोटोमा तं हाईच शे ना भाऊ!” त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? पुढून दोन्ही सारख्याच दिसतात. त्याने ‘वस्तू जुळते’ असं नोंदवलं आणि माझी विनंती आपोआप रद्द.

कस्टमर केअरला फोन केला. “सर, कॅमेरा रीस्टार्ट करून बघा.” लेन्स बसतच नाही म्हटलं, तर “फर्मवेअर अपडेट केलंय का?” दर वेळी नवा माणूस, दर वेळी रामायण पहिल्यापासून. पुन्हा अर्ज केला, तर उत्तर आलं की तुमच्या पिनकोडवर आता पिकअप मिळणार नाही. पार्सल द्यायला पिनकोड चालतो, न्यायला नाही! इकडे सीझन तोंडावर आणि पैसे अडकलेले.

गाडी हलली ती एका फोटोमुळे. बिल, बॉक्सचं स्टिकर, लेन्सची मागची बाजू आणि माझ्या कॅमेऱ्याचं उघडं तोंड, सगळं एकाच फ्रेममध्ये घेतलं आणि थेट तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निपटारा करायचा. मेलमध्ये हा नियम लिहिला, शिवाय १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग भाषा बदलली. लेन्स मी जळगावहून विमा उतरवून कुरिअरने पाठवली, आणि पैसे परत आले. कुरिअरवाल्यासमोर वजन करून पावतीवर लिहून घ्या, नाहीतर रिकामा खोका आला म्हणायला विक्रेते मोकळे.

दुसरी लेन्स जळगावच्या दुकानातून घेतली, स्वतःचा कॅमेरा नेऊन, काउंटरवरच लावून. थोडे जास्त गेले, पण झोप लागली. तिथेच समोरच्या दुकानाची पाटी फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आणून १.४ वर फोटो काढा. दर वेळी फोकस त्या पाटीवरच ठेवा. एक कोपरा बाकीच्यांपेक्षा पुसट दिसला तर दुसरी लेन्स मागा. फर्मचा जीएसटी नंबर असेल तर बिल त्यावरच करा, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. ऑनलाइनच घ्यायची असेल तर पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा, आणि सीलला हात लावण्याआधी स्टिकरवरचा माउंट वाचा.

हां, आणि जोडीचा फोटो १.४ वर काढू नका. दोन मीटरवरून जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा पट्टा फोकसमध्ये राहतो. २.८ वर जा. धूसर नवरदेव त्याच्या मामांना चालत नाही.