तुम्ही विचारलंत म्हणून: हाँगकाँगची मुलं घर कसं घेतात?

पुण्याहून कुणी आलं, की इथल्या उंच इमारतींकडे मान वर करून एक प्रश्न ठरलेला: "पंचविशी-तिशीतली मुलं इथे घर घेतात तरी कशी?"

मुलं स्वतः याचं उत्तर इथल्या कँटोनीज भाषेतल्या एका वाक्यात देतात. 'सिंग-गुंग काऊ फू-गॉन.' मूळ म्हण आहे, यश मिळतं ते काबाडकष्टांनी. त्यातल्या कष्टाच्या 'फू'चा चढा सूर खाली उतरवला की तो बापाचा 'फू' होतो, आणि यश मिळतं बापाच्या जिवावर. ऑफिसात कुणी घर घेतलं की हमखास कानावर येतं, "फू-गॉन असणार."

हिशेबच मांडते. अगदी लहान घर 40 लाख हाँगकाँग डॉलरचं धरा. नव्या पदवीधराचा पगार महिना 20 हजारांच्या आसपास. बँक 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देतेही, पण हप्ता उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये. साडेतीन टक्के व्याज आणि 30 वर्षांची मुदत धरली, तर 10 हजारांच्या हप्त्यात जेमतेम 22 लाख बसतात. वरचे 18 लाख? इथे बाप लागतो. पोरगं काटकसरी आहे की उधळं, हा प्रश्नच उरत नाही.

म्हणून ती थट्टा मला लागते. कारण मूळची म्हण खोटी नव्हती. 1953 च्या नाताळच्या रात्री शेक-किप-मेईची झोपडपट्टी जळाली, 50 हजारांवर माणसं उघड्यावर आली. मग सरकारने भाड्याच्या वसाहती बांधायला घेतल्या. एका खोलीत अख्खं कुटुंब, नळ-संडास सामाईक. तशा खोल्यांत वाढलेल्या कितीतरी जणांनी कारखान्यांत राबून स्वतःची घरं केली.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचे वडील तशाच खोलीत वाढले. आयुष्यभर मिनीबस चालवली, स्वस्ताई होती तेव्हा घर घेतलं, ते फेडलं. तेच घर त्यांनी उतारवयात लेकीसाठी पुन्हा गहाण टाकलं. तिला कुणी 'फू-गॉन' म्हणालं की ती मान खाली घालते. अगं, कशाला? त्या माणसाचे कष्टच आहेत ते.

तिच्या पलीकडच्या मुलाचा पगार तिच्याएवढाच. त्याचे वडीलही ड्रायव्हर, तेवढेच राबलेले. पण ते भाड्याच्या सरकारी घरातच राहिले, गहाण टाकायला त्यांच्याकडे काही नाही. त्या मुलाचं नेमकं काय कमी पडलं, ते मला कुणीतरी सांगावं.