आमची वाटचाल: ०.३ मिलिमीटरची फट

आमचं शॉप उद्यमबागेतलं. बाबांनी दोन लेथवर सुरू केलं, काम हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या स्पूलचं, म्हणजे आत सरकून तेलाची वाट बदलणाऱ्या दांडीचं. स्पूल आणि तो ज्यात सरकतो ते बोअर यांच्यात ५ ते १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट राखायची. वाढली तर तेल गळतं, घटली तर स्पूल अडकतो. बेळगावात अशी कामं करणारे पुष्कळ, त्यामुळे दर पाडून मागणारेही पुष्कळ. पण आपण रक्ताच्या कामात शिरू, असं कुणी म्हटलं असतं तर हसलोच असतो.

एका मेडिकल कॉलेजातल्या मॅडम तडा गेलेला पारदर्शक कप घेऊन आल्या. परदेशी यंत्राचा भाग. "असा दुसरा होईल का?" हा करतो काय, असं मी विचारलं आणि तासभर त्या सांगत बसल्या. तांबडी पेशी सुमारे ८ मायक्रॉनची, पण काही केशवाहिन्या तिच्या निम्म्याच रुंदीच्या. प्लीहेतल्या फटी तर १ मायक्रॉनच्या आसपास. पेशी दुमडून, लांबट होऊन त्यातून निघते. सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकारात किंवा मलेरियात ती ताठर होते आणि अडकते. मी म्हटलं, हा तर आमचा स्पूलच!

त्या यंत्राची ताठरपणा मोजायची रीत अशी: एकात एक दोन सिलिंडर, मधे ०.३ मिलिमीटर फट. तिच्यात पीव्हीपी या पॉलिमरच्या घट्ट द्रावणात मिसळलेलं थोडंसं रक्त. बाहेरचा कप फिरतो, द्रव पेशींना ओढतो, त्या लांबट होतात. लेझर आरपार सोडला की पडद्यावर लंबवर्तुळ दिसतं. गंमत म्हणजे पेशी आडवी ताणली की नक्षी उभी लांबते. लांबीतून रुंदी वजा करून दोघींच्या बेरजेने भागायचं. ३० पास्कल ताणाला निरोगी रक्ताचा आकडा ०.६ च्या जवळपास येतो.

अ‍ॅक्रिलिकचा कप टर्न करून पॉलिश केला, आणि मग पूर्ण यंत्रच करायची खुमखुमी आली. पहिल्या चाचणीत पडद्यावरची नक्षी श्वास घेतल्यासारखी लहानमोठी व्हायला लागली, प्रत्येक फेऱ्याला एकदा. कॅमेऱ्यावर आठवडा घालवला. शेवटी मेस्त्रींनी कपाला डायल गेज लावला: फट एका बाजूला ०.२७, दुसऱ्या बाजूला ०.३३. फट ०.३ पासून १० टक्के कमी-जास्त, म्हणजे ताणही जवळपास तेवढाच कमी-जास्त. आयुष्यभर फटीचं काम करणाऱ्यांना हे कळायला आठवडा लागावा, याची लाज वाटली.

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. डिसेंबरात सकाळचे आकडे एक, दुपारचे भलतेच. मॅडम म्हणाल्या रक्त शिळं असेल, मी म्हटलं लेझर बिघडला असेल. मेस्त्री चहा पिता पिता म्हणाले, "मालक, थंडीत पॉवर पॅक (तेलाचा पंप) सकाळी जड चालतो, तसं हे दिसतंय की." पीव्हीपीही तेलासारखंच थंडीत घट्ट होतं. घट्ट झालं की त्याच वेगाला पेशींवर जास्त ताण. मग ३७ अंशांवर स्थिर ठेवणारं वॉटर जॅकेट बसवलं. द्रावणाची ऑस्मोलॅलिटीही (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २९० मिलिऑस्मोलच्या आसपास लागते, कमी पडली तर पेशी फुगून आपोआप ताठर दिसतात. हे मात्र मॅडमनी आधीच बजावलं होतं.

२०१४ साली शहराचं नाव बेळगावी झालं, तेव्हा लेटरहेड पुन्हा छापावं लागलं होतं. यंत्र केल्यावर परत छापलं, "वैद्यकीय मापन" अशी ओळ घालून. ती पाहून बाबा एवढंच म्हणाले, "स्पूलचं काम सोडू नकोस." सोडलेलं नाही, पगार त्यावरच होतात.

आता प्रत्येक यंत्र ग्लुटारअल्डिहाइड या रसायनाने कडक केलेल्या पेशींवर तपासून पाठवतो. त्या ताणल्याच जात नाहीत, आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. न आल्यास कप परत लेथवर. पहिलं यंत्र ज्या लॅबने घेतलं, तिथून शेवटचा हप्ता अजून यायचाय. मॅडम म्हणतात फाइल पुढे सरकली आहे.