आगीच्या बंबाची मॅन्युअलं शोधताना

जुना आगीचा बंब उभा करायला घेतला की माणूस आधी ‘या बंबाचं मॅन्युअल’ शोधायला लागतो. तसं एकच पुस्तक बहुधा नसतंच. चासी एका कंपनीची, पंप दुसऱ्या कंपनीचा, बॉडी तिसऱ्यानं बांधलेली, शिडी आणखी कुणाची. कागदही तसेच विखुरलेले.

माझा बंब ‘ग्रीन गॉडेस’, फोर-व्हील ड्राइव्हवाला. १९५०च्या दशकात ब्रिटनच्या ऑक्झिलरी फायर सर्व्हिससाठी, म्हणजे तिथल्या पूरक अग्निशमन दलासाठी, हे बंब बनले. चासी बेडफर्डची आणि सहा सिलिंडरचं ४.९ लिटरचं पेट्रोल इंजिनही त्यांचंच. ब्रिटिश लष्कराचा बेडफर्ड आरएल ट्रक याच घराण्यातला, तोही हजारोंनी बनलेला. म्हणून बंब सोडून मी ट्रकचे कागद शोधले. लष्कराच्या दुरुस्ती-पुस्तिकांना ईएमईआर म्हणतात. जुन्या लष्करी गाड्या बाळगणाऱ्यांकडे त्या सापडतात. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचं बहुतेक काम त्यांवरच भागलं.

पंपाचं तसं नाही. लष्करी ट्रकला पंपच नव्हता! त्यासाठी पंपावरची पितळी पाटी वाचणं आलं, आणि तिच्यावर रंगाचे थर. सँडपेपर लावला तर ठोकलेले आकडेच झिजतील, म्हणून रंग काढायची जेल लावून थर मऊ केले. कंपनी सिगमंड, मॉडेल एफएन४; मिनिटाला ९०० गॅलनचा पंप. एवढं हाती आल्यावर अग्निशमन संग्रहालयांना पत्रं लिहिली. ‘जुन्या बंबाची माहिती हवी’ एवढंच लिहिलं की उत्तर मोघम येतं. मेक, मॉडेल, सिरीयल नंबर आणि पाटीचा फोटो पाठवला की समोरचा माणूस नेमकं कपाट उघडतो. स्कॅन मागताना घडीची पानं उलगडून मागावीत. वायरिंगचा नकाशा नेमका तिथे असतो आणि स्कॅनमध्ये अर्धाच येतो.

वर्कशॉप मॅन्युअल मिळालं तरी पार्ट्स बुक हवंच. पहिल्यात क्लिअरन्स (भागांमधली फट) आणि टॉर्क (बोल्ट किती जोरानं पिळायचे) यांचे आकडे असतात. सुटे भाग कोणत्या क्रमानं बसतात ते दुसऱ्यातल्या चित्रांत जास्त स्पष्ट दिसतं. इंजिनाची ताकद पंपाकडे नेणारा पीटीओ मला खरं तर तिथेच समजला. आणि आवृत्ती चासी नंबराशी ताडून घ्यावी. पुढच्या गाड्यांत भाग बदललेले असतात.

जुन्या पुस्तकातलं सगळं पाळायचं मात्र नाही. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते श्वासात जाणं घातक, त्यामुळे ड्रमातली धूळ हवेच्या झोतानं उडवायची नाही, पुस्तक काहीही सांगो. भाग पेट्रोलनं धुवायचा सल्लाही तसाच सोडून दिला.

शिडीचा कागद अजून मिळालेला नाही. ती किती भार पेलते हे लेखी हाती येईपर्यंत तिच्यावर कुणाला चढू देत नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.